पोसणार कोण, सही करणार कोण, घेणार कोण?



संयोजकांनी निमंत्रणपत्रिकेवर ‘कुटुंब आणि कायदा’ असा भारदस्त विषय छापला आहे. तो वाचून काहींना वाटलं असेल, आज घटस्फोटाचे किस्से ऐकायला मिळणार. त्यांची निराशा होणार आहे. ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांच्या हाताखाली मी शिकले. पक्षकाराची गोष्ट कचेरीच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, हा त्यांचा दंडक होता. म्हणून आज जी माणसं तुमच्यासमोर येतील, त्यांतली काही निकालपत्रांतून आधीच जगजाहीर झालेली आहेत, आणि नाना नावाचे एक गृहस्थ मी पूर्णपणे रचलेले आहेत. ते कोणाला आपले शेजारी वाटले, तर तो दोष नाशिकचा!

नाना नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. जेलरोडला स्वकष्टाचं छोटं घर. निफाड तालुक्यात वडिलोपार्जित जमीन, तिच्यावर द्राक्षबाग, बाग धाकटा भाऊ बघतो. मुलगा पुण्याला, हिंजवडीत. मुलगी इथेच इंदिरानगरात. घरात नानी. नानांना तीन प्रश्न विचारा. म्हातारपणी तुम्हाला पोसणार कोण? तुमचं भान हरपलं, तर तुमच्या वतीनं सही करणार कोण? आणि तुमच्यामागे हे सगळं घेणार कोण?

नाना तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर देतील. ‘आमचा मुलगा, दुसरं कोण?’

मला आज एवढंच सांगायचं आहे की कायद्याच्या लेखी हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची तीन वेगळी उत्तरं आहेत. आपण घराघरांत त्यांची एकच मोट बांधली. माझ्याकडे जी भांडणं येतात, त्यांतली निम्मी ही मोट सुटण्याची भांडणं असतात.

पहिला प्रश्न घेऊ. पोसणार कोण?

पोटगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त बायको येते. बायकोची पोटगी महत्त्वाची आहेच. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ क्रमांकाला जाऊन बसलं. क्रमांक बदलला, पोट तेच राहिलं. २०२० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं एका महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगून ठेवलं की नवरा-बायको दोघांनीही आपली मिळकत आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर मांडायचा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. पण त्याच कलमात बायकोच्या शेजारी आई-बापही बसलेले आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे?

आणि आई-बापांना पोसायचं कोणी? मुलानं? फक्त मुलानं?

कल्याणला एक डॉक्टरबाई होत्या. लग्न झालेल्या, स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या. त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडे पोटगी मागितली. आई लहानपणीच गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं. बाईंच्या बाजूनं युक्तिवाद असा की कायद्याच्या इंग्रजी मजकुरातलं सर्वनाम पुल्लिंगी आहे, तेव्हा आई-बापांना पोसण्याची जबाबदारी मुलाची, मुलीची नव्हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की लग्न झालं म्हणून मुलगी मुलगी राहत नाही असं होत नाही. अट एकच घातली: तिची स्वतःची, नवऱ्याच्या कमाईखेरीज पुरेशी कमाई हवी. तेव्हा इंदिरानगरातली नानांची लेक आज नोकरी करत असेल, तर नानांना पोसण्याची जबाबदारी हिंजवडीइतकीच इंदिरानगरावर आहे. हे ऐकून सभागृहातल्या काही भावांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतंय. जरा थांबा, तिसऱ्या प्रश्नाला तुमची पाळी आहे.

पुढे २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा खास कायदा आला. वय ६० पूर्ण झालेल्या कोणालाही, ज्याला स्वतःच्या मिळकतीवर निभावता येत नाही, प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. निकाल साधारण ९० दिवसांत अपेक्षित आहे. जास्तीत जास्त रक्कम महिना १०,००० रुपये. हा आकडा आजच्या औषधांच्या बिलापुढे केविलवाणा आहे, हे मला मान्य आहे. या कायद्यात वकिलांना मज्जाव लिहिलेला आहे, आणि वकील असूनही मला त्यात काही वावगं वाटत नाही. ऐंशी वर्षांच्या आजोबांनी स्वतःच्या तोंडानं अधिकाऱ्याला सांगावं, यातच त्या कायद्याचा जीव आहे. मुलं आणि सज्ञान नातवंडं जबाबदार आहेत. सून आणि जावई मात्र त्या व्याख्येत नाहीत. सुनेनं सासूचं केलं तर तो तिचा चांगुलपणा, कायद्यानं तिच्यावर टाकलेला बोजा नव्हे. आपल्याकडे टोमणे मात्र नेमके तिलाच बसतात.

आता पाहा, मुलगा म्हणतो, ‘नानांनी प्लॉट ताईला दिला, मग ताईच सांभाळेल.’ अशी सांगड कायदा घालत नाही. मुलाची जबाबदारी तो पोटचा म्हणून आहे, त्याला काय मिळालं यावर ती ठरत नाही. मिळकतीशी सांगड आहे ती फक्त निपुत्रिकांच्या बाबतीत: जो पुतण्या किंवा भाचा पुढे वारस होणार आहे, त्यानं आज सांभाळायचं.

मग मिळकत आणि सांभाळ यांची गाठ आई-बापांच्या बाबतीत कुठेच नाही का? एका ठिकाणी आहे. त्याच कायद्याचं २३ वं कलम. महाराष्ट्रात आई-बापांनी राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. सोय चांगली आहे, पण घसरगुंडीही आहे. नाना भावनेच्या भरात एका सकाळी दुय्यम निबंधकाकडे जातात, घर मुलाच्या नावावर करतात, आणि सहा महिन्यांनी स्वतःच्याच घरात पाहुणे होतात. कलम म्हणतं, सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत असेल आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण अट कुठे आहे? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अट होती हे सिद्ध व्हायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये तेच न्यायालय म्हणालं, हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तो उदारपणे वाचा. दोन्ही निकाल वाचून मी लोकांना काय सांगते? पहिलं म्हणजे, देऊच नका, मृत्युपत्रानं ठेवा. आणि द्यायचंच असेल तर ‘मरेपर्यंत या घरात राहण्याचा माझा व माझ्या पत्नीचा हक्क आहे आणि सांभाळण्याच्या अटीवर देत आहे’ हे त्या दस्तातच लिहा, वेगळ्या चिठ्ठीवर नको. भरलं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये, असं आपल्या आज्या सांगत. त्यांनी २३ वं कलम वाचलेलं नव्हतं.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते आज सगळ्यात अवघड हाच आहे, आणि याच्याविषयी कोणी बोलत नाही.

समजा, नानांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण ओळख गेली. किंवा झटका नाही, हळूहळू विस्मरण. आधी चष्मा हरवतो, मग दिवस, मग माणसं. दवाखान्याचा खर्च चालू आहे. पैसा आहे, पण तो नानांच्या एकट्याच्या नावाच्या मुदत ठेवीत आहे. नानी बँकेत जातात. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसाराचा हक्क बरोबर घेऊन जातात. बँकेतला मुलगा अदबीनं सांगतो, ‘आजी, सही आजोबांची लागेल.’

नानी म्हणतात, ‘अरे, मी बायको आहे.’

बायको असल्यानं नवऱ्याच्या मिळकतीवर सही करण्याचा अधिकार मिळत नाही. मुलगा असल्यानंही मिळत नाही. सज्ञान माणसाच्या वतीनं सही करण्याचा आपोआप मिळणारा अधिकार आपल्या कायद्यात कोणालाच नाही. हे वाक्य ऐकून लोक माझ्याकडे असे बघतात, की जणू मीच तो कायदा केला.

मग लगेच उत्तर येतं, ‘आम्ही कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय ना!’ हा आपल्या मध्यमवर्गाचा लाडका गैरसमज. १८७२ च्या करार कायद्याचं २०१ वं कलम सांगतं की ज्यानं अधिकार दिला तो मरण पावला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की दिलेला अधिकार संपला. म्हणजे नाना धडधाकट असताना, स्वतः सही करू शकत असताना, मुखत्यारपत्र चालतं. ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्यानं भान गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपण करार कायदा इंग्रजांकडून घेतला. त्यांनी त्यांची वाट सुधारली, आपण तिथेच उभे आहोत.

मग नानीनं जायचं कुठे? इथे एक विचित्र गोष्ट घडली आहे. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात सोय होती की जिल्हा न्यायालयानं चौकशी करून अशा माणसाच्या मिळकतीला व्यवस्थापक नेमावा. नाशिकचं काम नाशिकमध्ये व्हायचं. २०१७ चा नवा कायदा आला, २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. रुग्णांच्या हक्कांच्या दृष्टीनं तो फार पुढचा आहे. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पण तो उपचारांपुरता. मिळकतीचं प्रकरण नव्या कायद्यातून गळलं ते गळलंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. ते त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेण्यासाठी आहे. जो शुद्धीवरच नाही त्याच्याशी विचारविनिमय करायचा तरी कसा? म्हणून आज अशा घरातली माणसं संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली मुंबईला उच्च न्यायालयात रिट अर्ज करतात. न्यायालय वैद्यकीय अहवाल मागवतं, नातेवाइकांची संमती बघतं आणि पालक नेमतं. न्यायमूर्ती सहानुभूतीनं ऐकतात, याबद्दल तक्रार नाही. पण एक मुदत ठेव मोडायला नानीनं कसारा घाट उतरून मुंबईला का जावं?

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुलं मला विचारतात, ‘मॅडम, आमच्याकडे कॉन्झर्वेटरशिप असते, तुमच्याकडे नाही का?’ आहे ती अशी, तुकड्यातुकड्यांत. पण त्यांच्या व्यवस्थेचंही फार कौतुक नको. ब्रिटनी स्पिअर्स ही तिथली जगप्रसिद्ध गायिका २००८ पासून २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत अशाच पालकत्वाखाली होती. गात होती, कोट्यवधी कमवत होती, आणि त्या पैशाचे निर्णय बराच काळ तिचे वडील घेत होते. ज्याच्या हाती दुसऱ्याची सही येते, त्याच्यावर देखरेख कोणाची? नवा कायदा होईल तेव्हा हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

निर्णय कोणी घ्यायचा, याचं सगळ्यात दुःखद प्रकरण आपल्याच मुंबईत घडलं. अरुणा शानबाग. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. पत्रकार पिंकी विराणी त्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हे जगणं थांबवू द्या, ही मागणी होती. ७ मार्च २०११ च्या निकालातला दयामरणाचा भाग सगळ्यांना आठवतो. माझं लक्ष दुसऱ्या भागाकडे जातं. अरुणाच्या वतीनं बोलायचं कोणी? न्यायालयानं सांगितलं, ज्या रुग्णालयाच्या लोकांनी इतकी वर्षं दिवसरात्र तिची शुश्रूषा केली, त्यांनी. आणि त्यांनीही परस्पर ठरवायचं नाही, उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची. शुश्रूषेतून बोलण्याचा हक्क आला, पण तोही देखरेखीखाली.

त्यानंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगण्याविषयीच्या इच्छापत्राला मान्यता दिली, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मला कृत्रिम श्वासावर किती काळ ठेवावं, माझ्या वतीनं डॉक्टरांशी कोणी बोलावं, हे त्यात लिहिता येतं. ही कागदपत्रं सांभाळायला स्थानिक संस्थांनी माणसं नेमावीत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. हे इच्छापत्र वेगळं आणि मिळकतीचं मृत्युपत्र वेगळं. दोन्ही एकाच कागदावर लिहू नका. एक जिवंतपणी उघडायचं आहे, दुसरं नंतर.

याच प्रश्नाची दुसरी बाजू नाशिकला चांगली ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात रजनीताई लिमये यांनी इथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ संस्थेचं काम उभं केलं, ते एका आईच्या गरजेतून. अशा मुलांच्या आई-बापांना एकच प्रश्न रात्री झोपू देत नाही: आमच्यानंतर काय? त्यात कायद्याची एक खाच आहे. मूल अठराचं झालं की आई-बापांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. मुलाचं मन सहा वर्षांचं असेल, कायद्यासाठी तो मतदार आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं इथे वाट करून दिली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमून देते. नाशिकमध्येच. अर्ज मुलगा अठराचा होताच करा, आपण सत्तरीचे होण्याची वाट बघू नका. आणि मला सांगा, जी सोय या मुलांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर होऊ शकते, ती विस्मरणाच्या आजारातल्या नानांसाठी का होऊ नये?

अज्ञान मुलांविषयी थोडक्यात. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं दिसतात. मूल अज्ञान, आई पालनकर्ती. नवरा गेलेल्या बाईला बँकेचं कर्ज फेडायला जमीन विकावीशी वाटते. स्वतःचा हिस्सा तिनं विकावा. मुलांच्या वेगळ्या निघालेल्या हिश्शाला जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता व्यवहार झाला, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो रद्द करायला मागू शकतं. जमीन घेणाऱ्यांनीही ही अक्षरं डोळे उघडे ठेवून वाचावीत.

मग कायदा बदलेपर्यंत नानांनी काय करायचं? बँकेतलं खातं आणि ठेवी संयुक्त नावानं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या सूचनेसह. मुदतीआधी मोडण्याची परवानगीही दोघांपैकी कोणालाही, हे लेखी घ्या; बहुतेक जण तेवढंच विसरतात. मिळकत मोठी असेल तर हयातीतच खाजगी विश्वस्त निधी करता येतो, १८८२ पासूनचा कायदा आहे. विश्वस्ताचा अधिकार आपलं भान गेल्यानं जात नाही. स्थावराला मुद्रांक शुल्क पडतं, म्हणून तो सगळ्यांना परवडणारा नाही.

आता तिसरा प्रश्न. घेणार कोण?

रामकुंडावर दहाव्याला आपण सगळेच उभे राहिलेलो आहोत. पिंड मांडलेला असतो, कावळा झाडावर बसलेला असतो आणि खाली येत नसतो. भटजी म्हणतात, काही इच्छा राहिली असेल. मग थोरला पुढे होतो, हात जोडतो, ‘धाकट्याला अंतर देणार नाही.’ कावळा हलत नाही. ‘आईला सांभाळू.’ नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणतं, ‘बहिणीचं बोला.’ मी या प्रथेची थट्टा करत नाही. मला त्यात एक फार हुशार समाज दिसतो. गेलेल्याची इच्छा चारचौघांत उच्चारून घेण्याची त्यानं काढलेली युक्ती दिसते. पण साक्षीला इतके लोक असूनही त्या वचनाची अंमलबजावणी कुठल्याच न्यायालयात होत नाही. गोदाकाठच्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्पिढ्यांची वंशावळ मिळते. कोण कोणाचा, हे त्या वह्या सांगतात. कोणाला किती, हे नाना लिहून ठेवतील तरच कळेल.

नानांनी काहीच लिहिलं नाही, तर? जेलरोडचं स्वकष्टाचं घर हिंदू वारसा कायद्यानं नानी, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखं वाटलं जाईल. नानांची आई हयात असेल तर तिचाही तेवढाच वाटा. वडील हयात असतील तर त्यांना या रांगेत जागा नाही. आई पहिल्या वर्गात, वडील दुसऱ्या. १९५६ च्या कायद्यानं आईला दिलेला हा मान फारसा कोणाला माहीत नाही.

निफाडच्या जमिनीचं काय? अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असतं, पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांवर लोक पिढ्यान्पिढ्या मालक म्हणून मिरवतात, प्रत्यक्षात ते व्यवस्थापक असतात. बहिणींची नावं पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात सरकवलेली असतात. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला तो १९९४ मध्ये, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळून. देशानं २००५ मध्ये तो लग्नाची अट न ठेवता दिला. वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत का, यावर पुढे पंधरा वर्षं गोंधळ चालला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला: हक्क जन्मानं आहे, वडील तेव्हा हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वीची रीतसर वाटणी मात्र मोडत नाही.

आणि मग येतं हक्कसोडपत्र. भाऊबीज झाली, साडी नेसवून झाली, की भाऊ म्हणतो, ‘ताई, जरा निबंधकाकडे येतेस का, एक सही हवी होती.’ ताईनं सही करावी की नाही, हे मी कोण सांगणार? काही बहिणी मनापासून सोडतात, माहेर राहावं म्हणून. पण सोडतेस ते काय आहे, आजच्या भावानं किती आहे, हे तिला वाचून तरी दाखवा. पोसण्याच्या प्रश्नाला ज्या भावांना समाधान वाटलं होतं, त्यांची पाळी आली ती ही.

नॉमिनी हा आणखी एक लाडका गैरसमज. ‘नॉमिनी मी आहे, म्हणजे पैसे माझे.’ नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो. ते पुढे वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे द्यायचे असतात. विम्याबद्दल १९८३ मध्ये असंच ठरलं होतं, पण २०१५ मध्ये विमा कायदा बदलला. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल वाद उरला होता. तो ज्या प्रकरणात मिटला, ते नाव मराठी घरात भिंतीवर टांगलेलं असतं. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, २०१३ मध्ये ते गेले. काही ठेवी आणि गुंतवणुकींवर नॉमिनी होते. त्यांचा हक्क की वारसांचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ ला उत्तर मिळालं की नॉमिनी मालक होत नाही. साळगावकर तर व्यवस्थित माणूस, मृत्युपत्र करून ठेवलेला. तरी प्रश्न उभा राहिला. मग नानांचं काय? आता २०२५ च्या नोव्हेंबरपासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. चार ठेवा, पण मृत्युपत्रात जी नावं, तीच तिथे राहतील असं बघा.

मृत्युपत्राला नाना घाबरतात, कारण त्यांची हयात मुद्रांक कागद छापणाऱ्या प्रेसमध्ये गेली. मुद्रांकाशिवाय कागदाला किंमत नसते, यावर त्यांचा विश्वास. मृत्युपत्र मात्र साध्या कागदावर चालतं. मुद्रांक नाही, नोंदणीची सक्ती नाही. हातानं लिहिलेलं चालतं. लागतं काय? आपली सही, आणि ती बघणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायची गरज नाही. साक्षीदार आपल्यापेक्षा वयानं लहान घ्या. पुढे त्यांतल्या एकाला न्यायालयात उभं राहावं लागू शकतं, आणि लोक कौतुकानं आपल्याहून दहा वर्षं मोठ्या स्नेह्याची सही घेतात. ज्याला मिळकत मिळणार, त्याला साक्षीला उभा करू नका. वय झालं असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी केली तर पुरावा बळकट होतो, म्हणून मी करायला सांगते. कितीही वेळा बदला, शेवटचं ते खरं. स्वकष्टाचं सगळं कोणालाही देता येतं; वडिलोपार्जितातला फक्त स्वतःचा हिस्सा. गोव्यात हे चालत नाही. तिथे मुलाबाळांसाठी निम्मी मिळकत राखीव असते आणि माणूस उरलेल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करतो. आपल्याला पूर्ण मोकळीक आहे, म्हणून तर आपली जबाबदारी जास्त.

आणि बायकांनी? त्यांनी तर आधी करावं. हिंदू वारसा कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वतःची कमाई आधी सासरच्या वारसांकडे जाते. एक बाई होती. १९५५ मध्ये लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. आई-बापांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिची सगळी मिळकत, तिला हाकलणाऱ्या सासरच्या नातलगांना दिली. न्यायमूर्तींनाही ते कटू वाटलं, पण कलमातले शब्द स्पष्ट होते. एका साध्या कागदावरच्या तीन सह्यांनी हे टळलं असतं.

हयातीतच देण्याची एक मोठी गोष्ट आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. गावोगावच्या बाया लाखांच्या गणतीत आल्या. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी तिथून जो धागा धरला, तो तीन-चार वर्षांनी लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमाला जाऊन पोहोचला: शेतकऱ्यानं स्वतःहून, बायकोनं न मागता, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करायचा. गावातल्या शंभर जणांनी केला की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. १९९२ मध्ये शासनानंही त्यासाठी परिपत्रक काढलं. ज्या शेतकऱ्यांनी ते केलं त्यांच्यात वकील नव्हते, सनदी लेखापाल नव्हते. सांभाळणारी, निर्णय घेणारी आणि मालक होणारी ही तीन माणसं असतात, आणि त्यांतलं आजवर बाईला फक्त पहिलं काम दिलं गेलं, हे त्यांना उमगलं होतं. मी आधी ‘पाट देऊ नका’ म्हटलं आणि आता देणाऱ्यांचं कौतुक करते आहे, असं कोणी म्हणेल. त्यांनी सगळा पाट दिला नाही, शेजारी दुसरा मांडला.

वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. प्रश्नांच्या चिठ्ठ्या स्वयंसेवक गोळा करतील. एक विनंती: चिठ्ठीवर ‘माझ्या एका मित्राच्या बाबतीत असं झालं’ असं लिहू नका. गेल्या खेपेला आलेल्या चिठ्ठ्यांवरून पाहता नाशिकमधल्या मित्रांची अवस्था फार वाईट आहे. सरळ ‘माझं’ म्हणून लिहा, नाव लिहू नका, आणि मिळकत स्वकष्टाची की वडिलोपार्जित, एवढं मात्र आठवणीनं लिहा. त्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.